डॉ. सुखात्मे आणि सरासरीचे ताट

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी १७ आहारसूत्रे प्रसिद्ध केली. दिवसाला २,००० उष्मांकांच्या आहारात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि ३०० मिलिलिटर दूध असावे, आणि धान्यातून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपुढे जाऊ नये, असे हे आदर्श ताट आहे. बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात, पाटोदा, धारूर किंवा शिरूर कासारच्या एखाद्या वस्तीवर हे ताट मांडून पाहिले तर त्याची वाटणी जवळजवळ उलटी झालेली दिसेल. तिथे ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी हेच जेवण. डाळीचे कालवण, पिठले किंवा ठेचा हे त्याचे तोंडीलावणे. भाजी पावसापाण्यावर, आणि फळ सणावारी. मग ही सारी माणसे कुपोषित मानायची का? राष्ट्रीय मानकाच्या खाली जेवणारा प्रत्येक माणूस उपाशी असतो का?

हा प्रश्न अर्धशतकापूर्वी एका मराठी संख्याशास्त्रज्ञाने जगापुढे इतक्या आग्रहाने मांडला होता, की त्यावरून अर्थशास्त्रज्ञ, आहारशास्त्रज्ञ आणि नियोजनकार यांच्यात वर्षानुवर्षे वाद धुमसत राहिला. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे त्यांचे नाव. विद्यापीठांच्या संख्याशास्त्र विभागांबाहेर आज ते फारसे घेतले जात नाही.

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. खटाव तालुक्यातील हे गाव, म्हणजे सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला मुलूख. पाऊस बेताचा, ज्वारी-बाजरीचे पीक, आणि दुष्काळाची आठवण प्रत्येक घरात. मराठवाड्यातील वाचकाला हे वर्णन परके वाटणार नाही. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित हा मुख्य विषय घेऊन ते १९३२ मध्ये पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. संख्याशास्त्राच्या इतिहासात तो काळ आणि ते ठिकाण दोन्ही अपूर्व होते. रोनाल्ड फिशर, इगॉन पिअर्सन आणि येर्झी नेमन हे तिन्ही दिग्गज एकाच संस्थेत वावरत होते. एका मोठ्या समूहाविषयी काही जाणून घ्यायचे तर त्यातील मोजकी माणसे किंवा मोजकी शेते कशी निवडावीत, हा नमुना पाहणीचा विषय नेमन यांनी तेव्हा नुकताच नव्या पायावर उभा केला होता. तरुण सुखात्मे यांनी त्यात मोलाची भर घातली. १९३६ मध्ये त्यांना पीएच. डी. आणि १९३९ मध्ये डी. एस्सी. मिळाली.

कलकत्त्याच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत काही काळ काढल्यानंतर १९४० मध्ये ते दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेत आले. देशात धान्य किती पिकते, याचे उत्तर त्या वेळी बहुतांशी गावच्या पाटील-तलाठ्यांच्या आणेवारीवर अवलंबून असे. नजरेने पाहावे आणि इतके आणे पीक आले असे लिहावे, ही पद्धत. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने या अंदाजपंचे कारभाराची किंमत दाखवून दिली. सुखात्मे यांनी शेतांची निवड चिठ्ठ्यांच्या न्यायाने करून, ठरावीक आकाराचा तुकडा आखून, त्यातील पीक प्रत्यक्ष कापून आणि तोलून उत्पादन काढण्याची पद्धत बसवली. या कामी त्यांचा खटका प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशी उडाला. महालनोबीस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. सुखात्मे यांनी दाखवून दिले की तुकडा फार लहान घेतला तर हद्दीवरची ताटे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल होतो आणि उतारा फुगतो. वरकरणी ही बाब क्षुल्लक वाटते. पण लाखो एकरांच्या हिशेबात तोच फरक हजारो टनांचा होतो.

बीडच्या शेतकऱ्याला सुखात्मे हे नाव ठाऊक नसेल, मात्र त्यांची विद्या त्याच्या बांधावर दर हंगामात येत असते. पीक कापणी प्रयोग म्हणतात ते हेच. महसूल मंडळातील मोजक्या शेतांतील तोललेल्या सोयाबीनवर साऱ्या मंडळाच्या विम्याचा निकाल लागतो. विमा कंपनीच्या नफ्या-तोट्याला मर्यादा घालणारा जो ‘बीड पॅटर्न’ २०२० मध्ये या जिल्ह्यात राबवला गेला आणि पुढे राज्यभर चर्चिला गेला, त्याच्याही मुळाशी उताऱ्याचा हा आकडा होताच. आपले शेत चांगले की वाईट याला महत्त्व न उरता मंडळाची सरासरी आपले नशीब ठरवते, हा अनुभव मराठवाड्यातील शेतकऱ्यांनी पुष्कळदा घेतला आहे. सरासरी माणसाला न्याय देते का, हा पेच सुखात्मे यांच्या पुढच्या आयुष्यात शेतातून थेट ताटात आला.

१९५१ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि सुमारे दोन दशके रोममध्ये राहिले. तिच्या संख्याशास्त्र विभागाचे ते संचालक झाले. संघटनेचे पहिले महासंचालक लॉर्ड बॉइड ऑर यांनी मानवजातीतील दोन तृतीयांश लोक भुकेले वा कुपोषित असल्याचे विधान केले होते आणि ते जगभर उद्धृत होत असे. आपल्याच संघटनेच्या कीर्तीशी जोडलेला हा आकडा तपासण्याचे धैर्य सुखात्मे यांनी दाखवले. लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे १९६१ मध्ये वाचलेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की पोटाला पुरेसे न मिळणारे लोक जगाच्या लोकसंख्येत १० ते १५ टक्के असावेत. आहाराचा दर्जा निकृष्ट असलेल्यांना त्यात मिळवले तर प्रमाण निम्म्यापर्यंत जाऊ शकते. भुकेल्यांची संख्या कमी सांगणे हे तेव्हाही लोकप्रिय काम नव्हते. सोसायटीने मात्र १९६३ मध्ये त्यांना गाय पदकाने गौरवले.

त्यांचा दुसरा संघर्ष प्रथिनांचा. १९६०च्या दशकात जगावर प्रथिनांचे संकट कोसळणार असल्याची हाकाटी सुरू होती. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यावर स्वतंत्र अहवालच काढला. माशांच्या भुकटीपासून पाल्यातील प्रथिनांपर्यंत नाना उपाय सुचवले जात होते, आणि गरिबांच्या जेवणात प्रथिनांची पूड कशी मिसळावी यावर मोठा पैसा खर्च होत होता. सुखात्मे यांनी भारतातील वेगवेगळ्या आहारांच्या पाहण्या समोर घेऊन १९७० मध्ये निराळाच निष्कर्ष काढला. ज्याला प्रथिने कमी पडतात त्याला मुळात अन्नच कमी पडते. त्याचे नेहमीचे अन्न त्याला पोटभर मिळाले तर प्रथिनांचा प्रश्न बहुतेक आपोआप सुटतो.

हे आपल्याकडच्या भाकरीवर ताडून पाहता येते. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ३४९ उष्मांक आणि १०.४ ग्रॅम प्रथिने असतात. अर्धा किलो ज्वारीच्या भाकऱ्या आणि ५० ग्रॅम तुरीची डाळ एवढेच दिवसाचे अन्न धरले, तरी प्रथिने ६३ ग्रॅमच्या आसपास भरतात. त्या काळच्या मानकाप्रमाणे ५५ किलो वजनाच्या माणसाला ५५ ग्रॅम पुरेशी होती. उष्मांक मात्र १,९०० च्या थोडे वर जाऊन थांबतात, आणि मध्यम कष्ट करणाऱ्या त्याच माणसाची गरज २,८०० मानलेली होती. ताटात उणीव आहे ती ऊर्जेची. डाळ-भाकरीला अपुरे अन्न म्हणून हिणवणाऱ्या शहरी आहारशास्त्राला हे उत्तर पुरेसे होते, असे आजही म्हणता येते. (प्रथिनांच्या गुणवत्तेचा आणि लहान मुलांच्या गरजेचा मुद्दा अर्थातच वेगळा.)

निवृत्तीनंतर सुखात्मे पुण्याला परतले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतून त्यांचे संशोधन चालू राहिले. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. योगायोग असा, की त्याच वर्षी पुण्यातूनच वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील प्रबंध पुस्तकरूपाने आला. दरडोई दररोज २,२५० उष्मांक विकत घेता येतील एवढा खर्च ज्यांना करता येत नाही ते गरीब, अशी त्यांची कसोटी. तिच्यानुसार १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक रेषेखाली येत होते. पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरांसाठी २,१०० उष्मांक हे मान ठरवले आणि दारिद्र्यरेषा हा शब्द सरकारी कागदावरून लोकांच्या बोलण्यात आला.

सुखात्मे यांचा आक्षेप या मोजणीच्या पायालाच होता. गरजेचे मानक ही सरासरी असते. समजा एखाद्या गावात सर्व प्रौढ माणसे धडधाकट आहेत आणि प्रत्येकजण आपल्या भुकेपुरते नेमके खातो. तरीही त्यांतील जवळजवळ निम्मे सरासरीच्या खालीच असणार, कारण सरासरीचा अर्थच तो. त्या निम्म्यांना उपाशी ठरवणे ही गणिताची चूक आहे. म्हणून माणसामाणसांतील स्वाभाविक फरकाला वाव देऊन सरासरीच्या पुष्कळ खाली रेघ ओढली पाहिजे. सरासरी २,८०० आणि फरकाचे मान १५ टक्के धरले, तर दोन मापे खाली उतरल्यावर ही रेघ १,९६० च्या आसपास येते. अशा मोजणीने अल्पपोषितांचे प्रमाण दांडेकर-रथ यांच्या आकड्यांहून बरेच खाली आले.

इथपर्यंतचा युक्तिवाद खोडून काढणे अवघड आहे. पण सुखात्मे इथे थांबले नाहीत. बर्कलेचे शेल्डन मार्गेन यांच्या सहकार्याने त्यांनी पुढचे पाऊल टाकले. एकाच माणसाची गरजही आठवड्यागणिक बदलते. शरीर कमी अन्न आले तर ते अधिक काटकसरीने वापरते, जास्त आले तर उधळते, आणि एका मर्यादेत हे सारे आरोग्याला धक्का न लावता चालते, असा त्यांचा सिद्धान्त होता. याच विचारधारेतून अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड सेकलर यांनी चण लहान असली तरी माणूस निरोगी असू शकतो, असे प्रतिपादन केले. तेव्हा भारतीय पोषणशास्त्राचे अध्वर्यू डॉ. सी. गोपालन यांनी त्यावर कडाडून टीका केली. खुरटलेले शरीर हे यशस्वी जुळवणुकीचे लक्षण नसून हरलेल्या झुंजीची खूण आहे, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. दांडेकरांनीही १९८१ पासून ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त सुखात्मे यांच्याशी उघड वाद घातला. गरिबी आणि अल्पपोषण या एक नव्हेत, आणि माणूस थोडक्यात तगून राहतो म्हणून तो गरीब नाही असे ठरत नाही, ही त्यांची भूमिका. दोघेही सातारकडचे, दोघेही संख्याशास्त्रात मुरलेले, दोघेही पुण्यात राहणारे. मराठवाड्याचा विकासाचा अनुशेष आकड्यांत मांडणारी १९८४ ची समिती याच दांडेकरांची, हे इथे आठवलेले बरे.

या वादात कोण बरोबर होते, हे ठरवायला बीड जिल्ह्याइतके चांगले ठिकाण क्वचितच सापडेल. दिवाळीच्या सुमारास येथील लाखो माणसे बिऱ्हाड गाडीत टाकून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे ऊस तोडायला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली. पहाटेच्या अंधारात फडात उतरायचे, तोडायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर वाहून गाडी भरायची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत अतिकष्टाचे काम करणाऱ्या पुरुषाची गरज ३,४७० आणि स्त्रीची २,७२० उष्मांक दिली आहे. बैठे काम करणाऱ्यांसाठी हेच आकडे २,११० आणि १,६६० आहेत. म्हणजे बीड शहरातील कार्यालयात ज्या ताटाने अंगावर चरबी चढेल, त्याच ताटावर फडातल्या माणसाचे शरीर झिजेल. ‘बीड जिल्ह्याचा सरासरी आहार’ असा आकडा उद्या कोणी काढलाच, तर तो या दोघांपैकी कोणाविषयीच काही सांगणार नाही. मानकाचे जोखड सरसकट सर्वांच्या गळ्यात घालू नका, हे सुखात्मे यांचे म्हणणे इथे पुरेपूर खरे ठरते.

आणि त्यांच्या सिद्धान्ताची उणीवही इथेच उघडी पडते. अन्न कमी पडले की शरीर जी काटकसर करते, तिचा मोठा भाग म्हणजे हालचाल कमी करणे. माणूस थोडा अधिक बसतो, थोडे सावकाश चालतो, जड काम टाळतो. ऊसतोड मजुराला ही मुभा नाही. एक दिवस बसले तर खाडा मांडला जातो आणि तो उचलीत कापला जातो. टनाचा हिशेब ठरलेला, गाडीची वेळ ठरलेली. खर्च ठरलेला असेल आणि जमा अपुरी असेल, तर फरक शरीरातूनच वळता होतो. बाईच्या बाबतीत तर फडावर जाण्यापूर्वीचा आणि परतल्यानंतरचा स्वयंपाक, पाणी आणि मुले हे वेगळे काम मोजलेच जात नाही. कमी अन्नाशी जुळवून घेता येते, याचा अर्थ जुळवून घेणे फुकट पडते असा होत नाही. गोपालन यांचे म्हणणे या एका मुद्द्यावर अधिक वजनदार होते, असे मला वाटते.

सुखात्मे यांच्यावर सरकारला गरिबांची संख्या कमी दाखवण्याचे साधन पुरवल्याचा आरोप झाला. तो अन्यायाचा होता. त्यांच्या उत्तरायुष्यातील लेखन पाहिले तर त्यांचे बोट सतत दुसऱ्या एका गोष्टीकडे होते: गढूळ पाणी, उघड्यावरील शौच, जंत आणि हगवण. पोटात गेलेले अन्न अंगी लागत नसेल तर मानकाएवढे धान्य वाटूनही कुपोषण हटणार नाही. म्हणून स्वच्छ पाणी, संडास आणि प्राथमिक आरोग्य यांना अन्नवाटपाइतकेच महत्त्व द्या, असा त्यांचा आग्रह होता. सत्तरीच्या आसपास पोहोचलेला हा गणिती पालेभाज्यांतील जीवनसत्त्वांविषयी आणि गावच्या पाण्याविषयी लिहीत होता, तेव्हा अनेक आहारतज्ज्ञांना ती लुडबुड वाटली. टँकरच्या पाण्यावर उन्हाळा काढणाऱ्या बीडमध्ये मात्र हा मुद्दा कोणाला समजावून सांगावा लागणार नाही.

प्रदेशाप्रदेशांच्या आहाराची तुलना ही या देशात जुनी गोष्ट आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेचे संस्थापक रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी कुन्नूरला १९२०च्या दशकात उंदरांना शीख, पठाण, मराठा, कानडी, बंगाली आणि मद्रासी पद्धतीचे जेवण देऊन त्यांची वाढ मोजली होती. दूध-लोणी-गव्हावर पोसलेले ‘शीख’ उंदीर पहिले आले, भातावरचे शेवटी, आणि मराठा ताट मध्ये कुठेतरी. भारतीयांसाठी आहाराची पहिली अधिकृत शिफारस त्यानंतर १९४४ मध्ये झाली. १९७२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पोषण नियंत्रण मंडळाने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत घरोघरी ताटे तोलली. ते मंडळ २०१५ मध्ये बंद करण्यात आले. ताटात काय पडते हे तोलून पाहणारी यंत्रणा मोडायची आणि ताटात काय असावे याची सूत्रे मात्र काढत राहायचे, ही विसंगती सुखात्मे यांना नक्कीच खटकली असती.

२०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीत दरडोई दैनंदिन सेवन ग्रामीण भागात २,२१२ आणि शहरांत २,२४० उष्मांक आढळले. दांडेकर-रथ यांच्या २,२५० च्या किती जवळ! १९७९ चे मान लावले तर सरासरी खेडूत आजही रेषेखाली ठरतो. दुसरीकडे, राष्ट्रीय पोषण संस्थेच्याच २०२० च्या अहवालानुसार शहरी प्रौढांपैकी ५३.६ टक्क्यांच्या आणि ग्रामीण प्रौढांपैकी १८.८ टक्क्यांच्या पोटाचा घेर मर्यादेबाहेर गेला आहे. दोन्ही आकडे एकाच देशाचे आहेत आणि सरासरीत ते एकमेकांना झाकून टाकतात.

डॉ. सुखात्मे यांचे २८ जानेवारी १९९७ रोजी पुण्यात निधन झाले. केंद्र सरकारने २००० मध्ये त्यांच्या नावे संख्याशास्त्राचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू केला. तो २९ जूनच्या सांख्यिकी दिनी दिला जातो. हा दिवस महालनोबीस यांचा जन्मदिन आहे, ज्यांच्याशी पिकाच्या तुकड्याच्या आकारावरून त्यांचे कधी पटले नव्हते.